दोन माणसे, एक शीड आणि सव्वाशे टन

एक कोडे घ्या. सव्वाशे टन विटा सत्तर किलोमीटर दूरच्या शहरात पोहोचवायच्या आहेत. इंजिन नाही, बैल नाहीत, घोडे नाहीत, वल्ही मारायला माणसांचा ताफाही नाही. आहेत फक्त दोघेजण. एक तांडेल आणि दुसरा त्याचा मदतनीस. हा मदतनीस पुष्कळदा तुमच्याच वयाचा पोरगा असे. हे काम त्यांनी कसे करावे?

आज हा माल न्यायला दहा टन नेणारे बारा-तेरा ट्रक लागतील. प्रत्येकाला शंभराहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन, प्रत्येकाचा वेगळा चालक. परंतु इंग्लंडमध्ये थेम्स नदीवर आणि तिच्या मुखाजवळच्या खाड्यांमधून हे काम दोन माणसे रोज करीत होती, आणि तेही एकदोन नव्हे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेथे अशी दोन हजारांहून अधिक शिडाची गलबते नोंदलेली होती. त्यांना बार्ज म्हणत. हा शब्द आपल्यालाही नवा नाही. गोव्यात मांडवी आणि झुआरी नद्यांतून लोहखनिज मुरगाव बंदराकडे नेणाऱ्या लांबट, चपट्या नौकांना आपण बार्जच म्हणतो. फरक इतकाच, की गोव्याच्या बार्जमध्ये इंजिन असते आणि थेम्सच्या बार्जमध्ये ते नव्हते.

या बार्ज काय वाहत नसत? केंट आणि एसेक्स या परगण्यांतून लंडनला विटा, सिमेंट, धान्य येई. लंडनमध्ये तेव्हा घोडे लाखांच्या घरात होते, त्यांच्यासाठी गवत आणि पेंढा येई, आणि परतीच्या खेपेला त्याच घोड्यांची लीद शेतांसाठी जाई. विटांच्या गावी परत जाताना बार्ज लंडनच्या घराघरांतील चुलींची राख नेत. ही राख विटांच्या मातीत मिसळीत. तिच्यात अर्धवट जळालेले कोळशाचे कण असत, ते भट्टीत पेटत आणि वीट आतूनही भाजून निघे. शहराचा कचरा जाई आणि त्याच कचऱ्याने भाजलेली वीट शहरात परत येई. पण आपला विषय पदार्थविज्ञानाचा आहे, तेव्हा आपण बार्जकडे वळू.

नेहमीची बार्ज सुमारे २५ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असे. तिचा तळ सपाट, एखाद्या मोठ्या पेटीसारखा. रिकामी असताना ती पाण्यात जेमतेम ०.९ मीटर बुडे. आता तिच्यात १२५ टन माल भरला तर ती आणखी किती खाली बसेल? लांबी आणि रुंदी यांचा गुणाकार १५० चौरस मीटर येतो. पुढचे आणि मागचे टोक निमुळते असल्यामुळे पाण्याच्या पातळीवरचे तिचे क्षेत्रफळ आपण १२५ चौरस मीटर धरू. आर्किमिडीजचे तत्त्व सांगते, की तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. १२५ टन पाणी म्हणजे १२५ घनमीटर. १२५ घनमीटरला १२५ चौरस मीटरने भागा. उत्तर १ मीटर. म्हणजे भरलेली बार्ज सुमारे १.९ मीटर पाण्यात चालते. माणसाच्या डोक्याहून थोडे अधिक पाणी असले की पुरे! हीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने सांगायची तर दर सव्वा टन मालामागे ती फक्त एक सेंटिमीटर खाली जाते. तळ निमुळता असता तर याच मालाला कितीतरी अधिक खोल पाणी लागले असते.

सपाट तळाचा दुसरा फायदा खाडीकाठच्या मुलांना सांगावा लागणार नाही. ओहोटीला पाणी हटले की निमुळत्या तळाचे गलबत चिखलात एका कुशीवर कलंडते. बार्ज मात्र सरळ बसून राहते. मग शेताच्या बांधाजवळ, जिथे धक्का नाही की बंदर नाही, तिथे भरतीबरोबर शिरायचे, ओहोटीत चिखलावर बसायचे, गाड्या थेट गलबताला भिडवून माल उतरवायचा आणि पुढच्या भरतीला तरंगून निघून जायचे. धक्का बांधण्याचा खर्च चंद्राने वाचवला म्हणा ना!

मात्र पूर्ण भरलेल्या बार्जचा डेक पाण्याच्या पातळीपासून काही इंचच वर राहत असे. लाटा सरळ डेकवरून वाहत. मालाच्या पोटाची तोंडे फळ्यांनी आणि वर ताडपत्रीने आवळून, कडेने पाचरी ठोकून बंद केलेली असत. त्या पाचरी नीट बसल्या आहेत की नाहीत हे निघण्यापूर्वी पाहणे हे त्या पोराचे काम. एखादी ढिली राहिली आणि वारा वाढला, तर आत शिरलेल्या प्रत्येक सव्वा टन पाण्याला बार्ज एकेक सेंटिमीटर खाली जाणार. हिशेब तोच, फक्त उलट्या बाजूने.

गवताच्या बार्जचे दृश्य फार गमतीचे असे. गवत हलके, म्हणून पोट भरल्यावर डेकवरही त्याची गंजी रचीत. ती तीन-साडेतीन मीटर उंच, आणि दोन्ही बाजूंना गलबताच्या बाहेर आलेली. मागे सुकाणूवर उभ्या असलेल्या तांडेलाला पुढचे काहीच दिसत नसे. मग मदतनीस गंजीवर चढून बसे आणि ओरडून सांगे, उजवीकडे घ्या, आता सरळ, समोर जहाज आहे! ही उंच गंजी उलटत कशी नव्हती? रुंद, सपाट गलबत एका बाजूला कलले की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात बुडतो. पाण्याचे वर ढकलणारे बल, म्हणजे प्लावक बल, त्या बुडालेल्या बाजूकडे सरकते आणि गलबताला परत उभे करते. रुंदी जितकी जास्त तितके हे सरकणे जास्त. गंजीमुळे गुरुत्वमध्य वर जाई हे खरे, पण सहा मीटरांची रुंदी तेवढे सांभाळून घेई.

आता सपाट तळाचा तोटा पाहू. खरे पदार्थविज्ञान इथे सुरू होते.

पाटावर शीड लावून ती पाण्यात सोडा आणि बाजूने फुंकर मारा. पाट पुढे जाणार नाही, आडवा सरकत जाईल. सपाट तळाच्या गलबताचे तेच होते. वारा मागून असेल तर प्रश्नच नाही. पण नदी वळणावळणाने जाते आणि वारा काही नदीबरोबर वळत नाही. वारा बाजूने असताना, इतकेच नव्हे तर पुढून तिरपा असतानाही पुढे जाता आले पाहिजे. हे कसे शक्य आहे?

सीताफळाची ओली बी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून दाबा. बी सटकन पुढे उडते. अंगठ्याने तिला पुढे ढकलले का? नाही, बाजूने दाबले. बोटानेही बाजूनेच दाबले. दोन्ही बले जवळजवळ आडवी होती, पण बीचा आकार पाचरीसारखा असल्यामुळे ती किंचित तिरपी पडली आणि बीला फक्त पुढची वाट मोकळी राहिली. शिडाचे गलबत ही अशीच एक बी आहे. एक बोट वाऱ्याचे, ते शिडावर दाबते. दुसरे बोट पाण्याचे. सपाट तळाच्या बार्जमध्ये हे दुसरे बोटच नव्हते. ते बाहेरून बसवावे लागले.

त्यासाठी बार्जच्या दोन्ही कुशींना एकेक मोठी, पंख्याच्या आकाराची लाकडी फळी असे. तिला आपण बगलेची फळी म्हणू. तिचे पुढचे टोक गलबताला खिळलेले आणि मागचे टोक साखळीने खालीवर करता येणारे. फळी खाली सोडली की ती तळाच्याही खाली पाण्यात उतरते आणि आडव्या सरकण्याला अडवते. उथळ पाण्यात तिला जमीन लागली तर ती आपोआप वर उचलली जाते, आणि तिच्या खडखडाटावरून तांडेलाला समजते, की पाणी संपत आले.

दोनपैकी कोणती फळी खाली सोडायची? पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा. वारा डावीकडून येत असेल तर गलबत उजवीकडे सरकू पाहते. उजव्या कुशीजवळचे पाणी त्याला विरोध करते, म्हणजे उजव्या फळीला डावीकडे, गलबताच्या अंगाकडे दाबते. ती अंगाला घट्ट चिकटून बसते आणि सगळा भार गलबताची भक्कम कूस घेते. डावी फळी सोडली असती तर पाण्याने तिला अंगापासून दूर ढकलले असते, आणि सगळा ताण तिच्या एकट्या खिळीवर आला असता. म्हणून नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची फळी खाली. गलबताने दिशा पालटली की फळ्यांची अदलाबदल.

आता आकडे घालून पाहू. वारा सेकंदाला ८ मीटर वेगाचा आहे, म्हणजे ताशी सुमारे २९ किलोमीटर. हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली तर वाऱ्याचा दाब ½ × १.२ × ८ × ८ म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ३८ न्यूटन येतो. शिडांचे एकूण क्षेत्रफळ २५० चौरस मीटर घेतले तर एकूण बल सुमारे ९६०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ एक टन वजनाइतके. शिडाच्या ताणाप्रमाणे आणि कोनाप्रमाणे हा आकडा कमीअधिक होईल, पण अंदाजाला पुरेसा आहे.

हे बल शिडाच्या पृष्ठाला लंब असते. शीड गलबताच्या लांबीशी ३० अंशांचा कोन करून लावले आहे असे समजा. मग या बलाचा पुढच्या दिशेचा घटक ९६०० × ½, म्हणजे ४८०० न्यूटन. आडवा घटक ९६०० × ०.८७, म्हणजे सुमारे ८३०० न्यूटन. पाहिलेत? वारा पुढे ढकलतो त्यापेक्षा आडवा कितीतरी जोराने ढकलतो. तो आडवा जोर बगलेची फळी आणि कूस मिळून पाण्यावर टेकवतात, आणि उरलेल्या ४८०० न्यूटनांवर गलबत चालते. वारा अगदी समोरून असेल तर मात्र शीड नुसते फडफडते. तेव्हा एकदा डावीकडे तिरपे, एकदा उजवीकडे तिरपे, असा नागमोडी मार्ग काढावा लागतो.

या वाऱ्यात बार्ज सेकंदाला २.५ मीटर, म्हणजे ताशी ९ किलोमीटर चालली तर शक्ती किती झाली? ४८०० × २.५ = १२,००० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. भागाकार केला तर १६ अश्वशक्ती येतात. एखाद्या मोटारसायकलच्या इंजिनाइतकी शक्ती आणि सव्वाशे टन माल! वर्गात हे उत्तर आले की मुले मला दशांशचिन्ह तपासायला सांगतात. दशांशचिन्ह बरोबर आहे. यातील मर्म असे, की जमिनीवर चाके, रस्ता आणि चढ यांच्याशी झगडावे लागते, पाण्यात वजन प्लावक बलाने तोललेले असते. पाण्याला घनपदार्थासारखे स्थैतिक घर्षण नाही. धक्क्याला बांधलेली भलीमोठी नाव तुम्ही एका हाताने सावकाश हलवू शकता ती त्यामुळेच. मात्र पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि वेग फारच वाढला तर पुढच्या टोकाशी उठणाऱ्या लाटांमुळे तो याहूनही झपाट्याने चढतो. सावकाश चालणाऱ्याला पाणी स्वस्त आहे, घाई करणाऱ्याला महाग. विटांना घाई नसते.

शक्ती वाऱ्याने दिली, पण २५० चौरस मीटर कापड दोघांनी आवरायचे कसे? इथे बार्ज बांधणाऱ्यांची खरी हुशारी दिसते. मुख्य शिडाला वर आडवी काठी नव्हती. डोलकाठीच्या बुंध्यापासून एक लांब वासा तिरपा वर जाई आणि शिडाचे वरचे मागचे टोक ताणून धरी. शीड कमी करायचे झाले तर वासा खाली उतरवायची गरज नाही. दोऱ्या ओढल्या, की शीड नाटकाच्या पडद्यासारखे चुण्या पडून डोलकाठीकडे गोळा होई. डेक मोकळा, माणूस एक, वेळ मिनिटभर. डोलकाठीच्या शेंड्यावर आणखी एक शीड असे. जमिनीजवळ वारा झाडे, घरे, गोदामे यांना अडून मंदावतो आणि उंचावर तो जोरात वाहतो. अरुंद खाडीत खालची शिडे निपचित लोंबत असतानाही शेंड्याचे शीड गलबताला ओढून नेई. ही शिडे तांबूस रंगाची असत. कापड कुजू नये म्हणून त्यांना काव, माशाचे तेल आणि समुद्राचे पाणी यांचे मिश्रण चोपडीत. वास कसा येत असेल याची कल्पना तुम्हीच करा.

वाऱ्याइतकाच मोठा दुसरा नोकर म्हणजे भरती-ओहोटी. आपल्या कोकणातही दाभोळच्या खाडीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत मालाची गलबते भरतीच्या पाण्यावर वर येत. थेम्सवर भरती जबरदस्त. लंडन ब्रिजपाशी उधाणाच्या दिवशी पाणी सहा मीटरांहून अधिक चढते, आणि प्रवाह ताशी चार-पाच किलोमीटर सहज वाहतो. सहा तास भरतीबरोबर वर जायचे, ओहोटी लागली की नांगर टाकून जेवायचे, झोपायचे. फुकटचे इंजिन दिवसातून दोनदा सुरू होते, पण त्याचे वेळापत्रक आपल्या हाती नाही.

या वेळापत्रकात एक सुरेख बारकावा आहे. भरती ही एक लाट आहे, तिला नदीतून वर चढायला वेळ लागतो. मुखाशी साउथएंडला पूर्ण भरती येते, त्यानंतर सुमारे १ तास २० मिनिटांनी ती लंडन ब्रिजपाशी येते. दोन ठिकाणांतले अंतर सुमारे ७० किलोमीटर. आता प्रत्येक ठिकाणी भरती सहा तास चढते असे समजू. मुखाशी भरती लागताच एक बार्ज निघाली आणि भरती संपता संपता लंडनला पोहोचली. तिला किती वेळ अनुकूल पाणी मिळाले? सहा तास नव्हे, ७ तास २० मिनिटे! कारण ती भरतीच्या पाठोपाठ चालत होती. उलट लंडनहून ओहोटी लागताच खाली निघालेल्या बार्जला समोरून येणारी पुढची भरती लवकर गाठते. तिला फक्त ४ तास ४० मिनिटे मिळतात. नदीचे स्वतःचे पाणी जमेस धरले तर आकडे थोडे बदलतील, पण फरक उरतोच. ७० भागिले ७⅓ करा. ताशी साडेनऊ किलोमीटर. त्यांतले साडेचार पाण्याने दिले तर वाऱ्याने फक्त पाच द्यायचे. म्हणजे बऱ्यापैकी वारा असेल तर सकाळी मुखाशी असलेली वीट संध्याकाळी लंडनच्या धक्क्यावर. परतीला मात्र वाटेत एकदा नांगर टाकणे जवळजवळ ठरलेलेच.

आणि वारा अगदीच पडला तर?

येथे मला माझी एक फजिती सांगावी लागेल. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी वर्गात सापेक्ष वेग शिकवीत होतो. फळ्यावर नदी काढली, प्रवाहाबरोबर नुसती वाहत जाणारी नाव काढली, सुकाणू डावीकडे वळवले आणि विचारले, नाव कोणीकडे वळेल? वर्गाने एकमुखाने उत्तर दिले, मीही मान डोलावली. मागच्या बाकावरचा एक मुलगा तेवढा गप्प होता. त्याचे वडील खाडीत गलबत चालवीत. त्याला उठवले, तर तो म्हणाला, "कुठेच नाही सर. वारा पडला की सुकाणू मरतं." तो बरोबर होता आणि मी चूक. नाव पाण्याच्याच वेगाने वाहत असेल तर नावेच्या दृष्टीने पाणी स्थिर आहे. सुकाणूवरून पाणी वाहतच नाही, मग ते वळवणार कशाला? किनारा झपाट्याने मागे पडताना दिसतो म्हणून आपण फसतो. सुकाणूला किनारा ठाऊक नाही, त्याला फक्त भोवतालचे पाणी ठाऊक आहे.

आता २०० टनांचे भरलेले गलबत, वारा शून्य, ओहोटीचा ओढा ताशी ४ किलोमीटर, सुकाणू मेलेले, आणि समोर नांगरलेल्या जहाजांची रांग. काय कराल? पुष्कळजण म्हणतील, नांगर टाका. नांगर पूर्ण टाकला तर गलबत थांबेल, पण ओहोटी वाया जाईल. थेम्सचे तांडेल नांगर अर्धाच टाकीत. साखळी इतकीच सोडायची, की नांगर तळाला लागेल पण रुतणार नाही, चिखलातून फरपटत येईल. नांगर पुढच्या टोकाला बांधलेला, म्हणून गलबताचे तोंड आपोआप प्रवाहाच्या उगमाकडे वळते आणि ते पाठमोरे खाली जाऊ लागते. फरपटीमुळे त्याचा वेग समजा ताशी अडीच किलोमीटर झाला. पाणी चाराने वाहते, गलबत अडीचाने जाते. वजाबाकी दीड. म्हणजे गलबताच्या तोंडाकडून पिछाडीकडे ताशी दीड किलोमीटर वेगाने पाणी वाहू लागले, आणि सुकाणू जिवंत झाले! आता ते थोडे वळवले की गलबत प्रवाहाला किंचित तिरपे होते, आणि पाणी त्याला डावीकडे किंवा उजवीकडे, हवे तसे सरकवते. आणखी साखळी सोडली की फरपट वाढते, ताबा वाढतो आणि गती घटते. साखळी आवळली की उलट. नांगर ही थांबवण्याची वस्तू, तिच्याकडून त्यांनी चालवण्याचे काम करून घेतले. नदी ओलांडणाऱ्या नावेची गणिते आपल्या पुस्तकांत ढिगांनी असतात, पण हे एक गणित मी अजून कोणत्याही क्रमिक पुस्तकात पाहिलेले नाही.

पुलाखालून जाणे हा आणखी एक कसोटीचा प्रसंग. डोलकाठी पुलाहून उंच. म्हणून ती बुंध्याशी बिजागरीसारखी बसवलेली असे आणि शिडे, वासा यांसकट मागे आडवी करता येई. मेडवे नदीवर रॉचेस्टरच्या पुलाशी तर मदतीला तिसरा माणूस देणारे लोकच असत, त्यांचा तोच धंदा. पुलाच्या अगदी जवळ येईपर्यंत शिडे भरलेली ठेवायची, मग डोलकाठी आडवी, आणि पुढचे अंतर निव्वळ संवेगावर कापायचे. हे जमते का ते पाहू. २०० टन, म्हणजे २,००,००० किलोग्रॅम, वेग सेकंदाला २ मीटर. या वेगाला पाण्याचा विरोध सुमारे ३००० न्यूटन. मंदन झाले ३००० भागिले २,००,०००, म्हणजे ०.०१५ मीटर प्रति सेकंद वर्ग. एका मिनिटात वेग सेकंदाला एक मीटरनेसुद्धा कमी होत नाही आणि गलबत ९० मीटर पुढे जाते. पूल पार व्हायला एवढे पुष्कळ झाले. पण हेच गणित दुसऱ्या बाजूनेही वाचा. चुकून कमानीच्या खांबावर जायची वेळ आली, तर याच गलबताला थांबवणे दोन माणसांच्या हाती नाही.

पुलापलीकडे डोलकाठी पुन्हा उभी करायची. ती आडवी असताना तिच्या वजनाचे परिबल सर्वांत जास्त असते, म्हणजे पहिला उचलच सर्वांत कठीण. यासाठी पुढच्या टोकाला रहाट आणि कप्प्यांचा संच असे. समजा रहाटाची मूठ त्याच्या लाटेच्या त्रिज्येच्या पाचपट लांब आहे आणि कप्प्यांत दोर सहापदरी आहे. मग यांत्रिक लाभ ५ × ६ = ३०. एका माणसाने ३०० न्यूटन जोर लावला तर घर्षण सोडून ९००० न्यूटन ओढ मिळते. शीड, नांगर, डोलकाठी, बगलेच्या फळ्या, सगळे काही रहाट आणि कप्प्या यांच्यावर टाकले होते, म्हणून दोघांत भागे.

लंडनचा कचरा उचलण्याच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या हेन्री डॉड यांनी १८६३ साली थेम्सवर बार्जच्या शर्यती सुरू केल्या. हरलेले मालक पुढच्या वर्षी अधिक चांगल्या आकाराची बार्ज बांधून घेत, त्यामुळे गलबते सुधारत गेली. पण रेल्वे, मग लॉरी, मग बार्जमध्येच बसवलेली इंजिने यांच्यापुढे शिडाचा धंदा आटत गेला. ग्रीनहाइद येथे १९०६ साली बांधलेली 'केंब्रिया' ही इंजिनाशिवाय, केवळ शिडावर माल वाहणारी शेवटची बार्ज. तांडेल बॉब रॉबर्ट्स यांनी तिच्यावरचा हा व्यवसाय १९७० साली थांबवला. पुढे ती जीर्ण झाली, तेव्हा २०११ पर्यंत तिची पुनर्बांधणी करण्यात आली. काही जुन्या बार्ज आजही शर्यतींत उतरतात.

आता थोडे तुमचे काम. सुमारे ३० सेंटिमीटर लांब, ८ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर जाड फळी घ्या. मध्याच्या थोडे पुढे काडी रोवून तिला पोस्टकार्डाचे शीड लावा आणि ते फळीच्या लांबीशी ३० अंशांवर पक्के करा. पाण्याच्या हौदात सोडून बाजूने पुठ्ठ्याने वारा घाला. फळी आडवी सरकेल. मग पत्र्याचा सहा सेंटिमीटरांचा तुकडा वाऱ्याच्या विरुद्ध कुशीला एका चुकेने बसवा आणि पुन्हा वारा घाला. तोच तुकडा दुसऱ्या कुशीला लावून चुकेचे काय होते तेही पाहा. पत्रा पुढे-मागे सरकवून फळीचे तोंड कोणीकडे वळते याची नोंद ठेवा. त्यात परिबलाचा एक धडा दडलेला आहे.

शिवाय एक उदाहरण. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १०२५ किलोग्रॅम, नदीच्या गोड्या पाण्याचे १००० किलोग्रॅम. मालासह २०० टनांची, १२५ चौरस मीटर क्षेत्रफळाची आपली बार्ज मुखाशी खाऱ्या पाण्यात भरली आणि भरतीबरोबर गोड्या पाण्यात आली. ती किती सेंटिमीटर आणखी खाली बसेल? उत्तर चाराच्या जवळ आले पाहिजे. मुखाशी माल भरताना तिचा डेक पाण्यापासून तीनच सेंटिमीटर वर ठेवला असेल, तर किती टन विटा धक्क्यावरच सोडून निघावे लागेल तेही काढा.